गिलरेचं चित्र कसं वाचायचं

टेबलावर गरगरीत, वाफाळतं पुडिंग आहे आणि त्याच्यावर चक्क जगाचा नकाशा काढलेला आहे. एका बाजूला काटकुळा, लांब नाकाचा माणूस बसलाय. दुसऱ्या बाजूला एक बुटका खुर्चीवरून अर्धवट उठून, डोळे वटारून तलवारीने युरोपचा तुकडा कापतोय. काटकुळ्याच्या हातात त्रिशूळासारखा काटा आहे आणि तो निवांतपणे अख्खा अटलांटिक महासागर स्वतःच्या ताटात ओढून घेतोय. नीट पाहिलं तर कळतं, की आरडाओरडा बुटक्याचा असला तरी मोठा वाटा काटकुळ्याचा आहे.

हे चित्र २६ फेब्रुवारी १८०५ रोजी लंडनमध्ये विकायला आलं. काटकुळा म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान विल्यम पिट, बुटका म्हणजे नेपोलियन. त्याच जानेवारीत नेपोलियनने इंग्लंडच्या राजाला तहाचं पत्र पाठवलं होतं. तो तह झाला असता तर कसा झाला असता, ते चित्रकाराने दाखवलंय: जमीन तुझी, समुद्र माझा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रॅफल्गारची आरमारी लढाई ब्रिटनने जिंकली आणि समुद्राची वाटणी खरोखरच तशी झाली.

चित्रकाराचं नाव जेम्स गिलरे. राजकीय व्यंगचित्र हा प्रकार आज आपण ज्या रूपात ओळखतो, त्याची घडण ज्या मोजक्या लोकांनी केली त्यांत याचा क्रमांक माझ्या मते पहिला. त्याच्या आधी विल्यम होगार्थ होऊन गेला, आणि तो मोठाच. पण होगार्थ समाजावर बोट ठेवायचा. दारू, जुगार, बुडालेली घरं हे त्याचे विषय. गिलरेने माणसं धरली. जिवंत, सत्तेवर बसलेली, नावानिशी ओळखता येणारी माणसं.

अडचण अशी, की त्याची चित्रं आज पाहिली तर अर्धी कळतच नाहीत. एकेका चित्रात दहा माणसं, प्रत्येकाच्या तोंडातून फुग्यासारखं वाक्य, जमिनीवर पडलेली कागदपत्रं आणि त्यावरही मजकूर. पहिल्यांदा पाहिल्यावर डोकं भणाणतं. म्हणून ही चित्रं तयार कशी व्हायची, विकली कुठे जायची आणि ती काढणारा माणूस तुरुंगात का गेला नाही, हे आधी समजून घेऊ. मग ती बरीचशी आपोआप उलगडतात.

गिलरेचा जन्म १३ ऑगस्ट १७५६चा, लंडनजवळच्या चेल्सीतला. बाप स्कॉटलंडचा, सैन्यात होता. १७४५ साली फाँतेनॉयच्या लढाईत त्याचा एक हात गेला. पुढे तो मोरेव्हियन नावाच्या एका कडक ख्रिस्ती पंथात गेला आणि त्यांच्या दफनभूमीची राखण करू लागला. पाच भावंडांतला जेम्स एकटाच जगला. शिक्षण त्याच पंथाच्या शाळेत झालं. या पंथात मरणाचं फार कौतुक, खेळण्याबागडण्याचं अजिबात नाही. त्याच्या चित्रांत सांगाडे, नरक आणि सैतान इतक्या सहजपणे येतात, त्याचं मूळ लोक या बालपणात शोधतात. मला ते पटतं, पण सगळं त्यावरच ढकलू नये.

कारण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पोरवयात तो अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला होता. तिथे कंटाळून फिरत्या नाटक मंडळींबरोबर पळाला, परत आला आणि १७७८मध्ये रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. म्हणजे तीन गोष्टी त्याच्या हातात होत्या: अक्षर, नाटक आणि रीतसर शिकलेलं रेखाटन. त्याच्या चित्रातली माणसं रंगमंचावर उभी असल्यासारखी हातवारे करतात, आणि ती कितीही विद्रूप असली तरी त्यांची हाडं जागच्या जागी असतात.

आता चित्र तयार कसं व्हायचं ते बघू.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर द्यायचा. मग टोकदार सुईने त्या थरावर चित्र काढायचं. जिथे सुई फिरते तिथे मेण खरवडून निघतं आणि तांबं उघडं पडतं. पत्रा तेजाबात बुडवला की तेजाब फक्त उघड्या रेषा खातं. मेण पुसून टाकायचं, त्या खोलगट रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून पत्रा काढायचा. रेषांतली शाई कागदावर येते. यालाच एचिंग म्हणतात. एका पत्र्यावरून शेकडो प्रती सहज निघतात.

यात एक मेख आहे. कागदावर सगळं उलटं उमटतं. म्हणून पत्र्यावर डावं उजवीकडे काढावं लागतं आणि अक्षरं तर आरशात दिसतात तशी लिहावी लागतात. गिलरेच्या चित्रांत इतका मजकूर असतो आणि तो वळणदार, बिनचूक असतो, ही त्या उमेदवारीची कमाई. अनेकदा तो आधी कागदावर पक्कं चित्रही करत नसे. चिटोऱ्यावर चेहऱ्यांची टिपणं, आणि मग थेट तांब्यावर. बातमी ताजी असताना चित्र दुकानात लागायला हवं, हे धंद्याचं गणित होतं.

रंग छापले जात नसत, हाताने भरले जात. रंगवणाऱ्या बायकांपैकी एकीने नमुना बघून निळा लावायचा, दुसरीने लाल. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींमध्ये कोटाचा रंग वेगळा दिसतो, आणि इंटरनेटवर पाहताना गोंधळायला होतं. दोन्ही खऱ्याच. साध्या प्रतीला साधारण शिलिंगभर, रंगीत प्रतीला त्याच्या दुप्पट किंवा जास्त पडे. शिलिंग म्हणजे मजुराच्या दिवसभराच्या कमाईच्या आसपासची रक्कम, तेव्हा घरी नेणारं गिऱ्हाईक पैसेवालंच. सरदार, खासदार, वकील, खुद्द राजघराण्यातले लोक. गंमत म्हणजे ज्यांची टर उडवलेली असे तेच ती चित्रं विकत घ्यायला माणूस पाठवत.

ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी दुकानाची काच होती. नवी चित्रं खिडकीत चिकटवली जात आणि फूटपाथवर गर्दी उसळे. १८०८ सालच्या एका चित्रात गिलरेने हेच दुकान काढलंय. बाहेर बर्फाळ रस्त्यावर एक म्हातारा घसरून उताणा पडलाय, हातात थंडी मोजायचा थर्मामीटर तसाच धरलेला. मागे खिडकीशी उभ्या असलेल्या लोकांचं त्याच्याकडे लक्षही नाही, सगळे चित्रांत गुंग. खिडकीच्या चौकटींत दिसणारी ती इवली इवली चित्रं खरी आहेत, गिलरेनेच आधी काढलेली. अस्सल जाहिरात.

दुकान हॅना हम्फ्री नावाच्या बाईंचं. लग्न झालेलं नव्हतं, पण धंदा करणाऱ्या बाईला मान म्हणून सगळे मिसेस हम्फ्री म्हणत. सुरुवातीला गिलरे तीन-चार प्रकाशकांना चित्रं देई. १७९१पासून जवळजवळ सगळं काम बाईंना. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच तो राहायचा. दुकान हललं की तोही हलायचा. ओल्ड बाँड स्ट्रीट, न्यू बाँड स्ट्रीट आणि शेवटी १७९७पासून २७, सेंट जेम्स स्ट्रीट. दोघं एकदा लग्नाला निघाली होती आणि वाटेतून परत फिरली, असा एक किस्सा सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. पण गिलरे शेवटपर्यंत त्या घरात राहिला आणि बाईंनी त्याला शेवटपर्यंत सांभाळला, एवढं नक्की.

प्रत्येक चित्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: अमुक तारखेला, हम्फ्री यांनी, अमुक पत्त्यावर प्रकाशित केलं. ही ओळ हौसेने घातलेली नाही. होगार्थच्या खटपटीमुळे १७३५ साली इंग्लंडमध्ये चित्रांच्या नकलेविरुद्ध कायदा झाला. संरक्षण हवं असेल तर चित्रावर मालकाचं नाव आणि तारीख छापलेली हवी, अशी त्यात अट होती. त्या अटीमुळे आज आपल्याला गिलरेचं जवळपास प्रत्येक चित्र दिवसापर्यंत सांगता येतं. गिलरे वाचायची पहिली युक्ती हीच: आधी तळाची तारीख बघा, मग त्या आठवड्यात लंडनमध्ये काय चाललं होतं ते शोधा.

दुसरी युक्ती माणसं ओळखायची. गिलरेने प्रत्येकाला एक ठरावीक रूप देऊन टाकलं होतं आणि ते तो वर्षानुवर्षं वापरी. पिट म्हणजे काडीसारखा, वर वळलेलं टोकदार नाक. विरोधी पक्षाचा चार्ल्स जेम्स फॉक्स म्हणजे ढेरपोट्या, दाढीचे खुंट वाढलेला, जाड काळ्या भुवयांचा. फॉक्सचा साथीदार, नाटककार शेरिडन म्हणजे दारूने लाल झालेलं नाक. एडमंड बर्क म्हणजे चष्मा आणि पाद्र्यासारखा झगा. ही चार माणसं पाठ झाली की निम्मी चित्रं सुटतात. एके ठिकाणी तर त्याने पिटला शेणखतावर उगवलेल्या भूछत्राचं रूप दिलंय. राजमुकुटाच्या मुळांतून रस ओढून वाढलेलं.

पण सगळीच चित्रं गर्दीची नसतात. जानेवारी १७९२मधलं एक चित्र बघा. राजाच्या दुसऱ्या मुलाने प्रशियाच्या राजकन्येशी लग्न केलं होतं आणि लंडनची वर्तमानपत्रं तिच्या नाजूक पावलांचं कौतुक करून थकत नव्हती. बूट केवढे इवले, त्यावर हिरे किती, वगैरे. गिलरेने काय काढलं? फक्त चार पावलं. दोन चिमुकले जडजवाहिराचे बूट, टाचा खाली, चवडे वर आणि एकमेकांपासून दूर. त्यांच्या मधोमध दोन भलेथोरले पुरुषी बूट, चवडे खाली. चेहरा नाही, खोली नाही. बाकीचं काम पाहणाऱ्याच्या डोक्याने करायचं. वर्तमानपत्रांतली ती पावलांची स्तुती त्यानंतर थंडावली. आपल्याकडे आज एखाद्या संपादकाला हे छापायला दिलं तर तो किती वेळ विचार करेल, याचा अंदाज करून बघा.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याने बाप-लेकाची जोडी काढली. पहिल्या चित्रात युवराज, पुढे जो चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला तो. जेवून सुस्तावून खुर्चीत पसरलाय, काट्यानेच दात कोरतोय, पोट इतकं तटतटलंय की वेस्टकोटाचं जेमतेम एक बटण टिकून आहे. मागे तुंबलेलं मूत्रपात्र, आणि त्याच्याखाली न चुकवलेली बिलं दाबून ठेवलेली. फडताळावर गुप्तरोगाची औषधं. दुसऱ्या चित्रात त्याचा बाप, तिसरा जॉर्ज. उकडलेलं अंडं खातोय, सोबत साधं पाणी. विजारीला ठिगळ, खुर्चीला झाकण, शेकोटी थंडगार. शेजारी राणी पालापाचोळा तोंडात कोंबतेय. एकजण देशाचा पैसा उधळतो, दुसरा त्या पैशावर बसून कंजूषपणा करतो. दोघांपैकी कोण बरा, याचं उत्तर गिलरे देत नाही.

राजाच्या आणखी एका चित्राबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १७९३मध्ये गिलरे एका नामवंत चित्रकाराबरोबर फ्लँडर्सला युद्धभूमीची टिपणं काढायला गेला होता. परत आल्यावर राजाने त्या दुसऱ्या चित्रकाराचं काम वाखाणलं आणि गिलरेची टिपणं बघून ‘आपल्याला ही असली चित्रं कळत नाहीत’ अशा अर्थाचं काहीसं म्हणाला. म्हणे त्याचा सूड म्हणून गिलरेने राजाला जळत्या मेणबत्तीच्या तुकड्याच्या उजेडात, डोळे किलकिले करून, मागच्या शतकात पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रॉमवेलची तसबीर न्याहाळताना दाखवलं. गोष्ट झकास आहे. फक्त ते चित्र जून १७९२चं आहे, म्हणजे फ्लँडर्सच्या सहलीच्या वर्षभर आधीचं. तळाची तारीख बघा म्हणतो ती यासाठी.

एवढं करून हा माणूस तुरुंगाबाहेर कसा राहिला? फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली, इंग्लंडचं सरकार घाबरलेलं. १७९३ साली विल्यम हॉलंड नावाच्या चित्रविक्रेत्याला वर्षभर तुरुंगात टाकलं, पण चित्रासाठी नव्हे. राजेशाहीविरोधी लेखक टॉमस पेनची पत्रिका विकली म्हणून. लिहिलेल्या शब्दावर खटला भरणं सोपं होतं. चित्राच्या बाबतीत सरकारची पंचाईत व्हायची. बदनामीचा दावा लावायचा तर आधी कोर्टात उभं राहून सांगावं लागणार, की तो भूछत्रासारखा दिसणारा इसम मीच. मग सगळं लंडन पुन्हा हसणार आणि चित्राच्या आणखी प्रती खपणार. नावाच्या जागी पहिलं अक्षर आणि एक आडवी रेघ, एवढं केलं की झालं.

तरी एकदा तो अडकलाच. जानेवारी १७९६मध्ये राजाला पहिली नात झाली. गिलरेने ते चित्र येशूच्या जन्माच्या थाटात काढलं आणि त्यात फॉक्स व शेरिडनला बाळाच्या उघड्या ढुंगणाचा मुका घेताना दाखवलं. धर्मनिंदेचा आरोप आला. आणि इथून त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वादग्रस्त प्रकरण सुरू होतं.

जॉर्ज कॅनिंग नावाचा एक तरुण खासदार होता, पिटच्या गोटातला. (हाच पुढे १८२७मध्ये पंतप्रधान झाला.) त्याची एक विचित्र हौस होती: गिलरेने आपल्याला चित्रात घ्यावं. लंडनच्या राजकारणात कोणी खिजगणतीत आहे की नाही, हे हम्फ्रीबाईंच्या खिडकीवरून ठरायचं. कॅनिंगने एका पाद्री मित्रामार्फत महिनोन्‌महिने विनवण्या चालवल्या. अखेर ऑक्टोबर १७९६च्या एका चित्रात तो दिसला, दिव्याच्या खांबाला फाशी दिलेल्या अवस्थेत. फ्रेंचांनी लंडन जिंकलं तर काय होईल, या विषयावरचं ते चित्र होतं.

खटला पुढे विरून गेला आणि १७९७च्या अखेरीपासून गिलरेला सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळू लागले. म्हणजे विकला गेला का? सरळ उत्तर: काही अंशी, हो. पुढच्या तीन-चार वर्षांत फॉक्स आणि त्याच्या मित्रांवर त्याने निर्दयपणे चित्रं काढली, कॅनिंगच्या मंडळींना हवी तशी. १८०१मध्ये पिटने राजीनामा दिला आणि पैसे बंद झाले. पण पिट त्याच्या चित्रांत कधी देखणा झाला नाही, राजा कधी थोर झाला नाही. पैसे घेऊनही सवय सुटली नाही, असं म्हणता येईल.

खरं तर त्याचा पक्ष कुठला हा प्रश्न पेन्शनच्याही आधीपासून निरर्थक आहे, आणि याचा उत्तम पुरावा आपल्याला परिचित असलेल्या माणसाच्या चित्रांत मिळतो. वॉरन हेस्टिंग्ज. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातला, सालबाईचा तह झाला तेव्हाचा गव्हर्नर जनरल. इंग्लंडला परतल्यावर त्याच्यावर भारतातल्या लुटीबद्दल पार्लमेंटात महाभियोग चालला. मे १७८६मध्ये गिलरेने त्याला उंटावर बसलेला, भारताचा तारणहार म्हणून दाखवलं. बर्क आणि फॉक्स त्याच्यावर दरोडेखोरांसारखे तुटून पडलेत. दोनच वर्षांनी, मार्च १७८८मध्ये, तोच हेस्टिंग्ज लॉर्ड चान्सलर थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताचा समुद्र ओलांडतोय. पैशाच्या थैल्या कवटाळलेल्या, आणि त्या समुद्रात भारतीयांची प्रेतं तरंगतायत. दोन्ही चित्रं एकाच हातची. ज्याने जे मागितलं ते काढलं असेल, किंवा मधल्या दोन वर्षांत बर्कची भाषणं ऐकून मत बदललं असेल. मला तरी दुसरं चित्र जास्त मनापासून काढलेलं वाटतं.

भारतावरचं आणखी एक चित्र मराठी वाचकाने बघायलाच हवं. तारीख ६ डिसेंबर १७९१, विषय श्रीरंगपट्टणहून माघार. टिपू तटावर उभा राहून खाली पळणाऱ्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या अंगावर सरळ लघवी करतोय, आणि चित्राचं शीर्षक आहे पावसाळा सुरू झाल्याबद्दलचं. प्रत्यक्षात झालं ते असं: मे १७९१मध्ये कॉर्नवॉलिस राजधानीच्या वेशीपर्यंत पोचला, पण दाणागोटा संपला, बैल मेले, पाऊस लागला. वेढ्याच्या मोठ्या तोफा त्याला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. उपाशी फौज परत फिरली तेव्हा समोरून घोडेस्वार येताना दिसले. शत्रू समजून इंग्रज लढायच्या तयारीत आले, पण ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठा सैन्य होतं. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होतं, भाव चढे होते, पण होतं. इंग्रजांची फौज त्यावर जगली.

गिलरेच्या चित्रात यातलं काही नाही. बातमी जहाजाने लंडनला पोचायला काही महिने लागत, त्यामुळे मे महिन्यातली फजिती डिसेंबरात काचेला लागली. तोवर कॉर्नवॉलिस पुढच्या चढाईच्या तयारीत होता आणि मार्च १७९२मध्ये टिपूने तहात अर्धं राज्य सोडलं. शिळ्या बातमीवरचं चित्र किती लवकर फसतं, त्याचं हे उदाहरण.

याउलट तारखेची एक गंमत जुळून आलीय. १२ जून १८०२ रोजी गिलरेचं देवीच्या लशीवरचं चित्र बाहेर पडलं. एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीपासून लस काढली होती आणि लोकांत भीती होती, की याने माणूस गाय होईल. चित्रात जेन्नर एका घाबरलेल्या बाईच्या दंडावर चीर देतोय आणि आजूबाजूला ज्यांना आधीच लस टोचलीय त्यांच्या दंडांतून, नाकांतून, तोंडांतून छोट्या छोट्या गाई बाहेर येतायत. भिंतीवरच्या तसबिरीत सोन्याच्या वासराची पूजा. हे चित्र लशीच्या विरोधात आहे की लशीला भिणाऱ्यांच्या? शीर्षकाखाली लसविरोधी मंडळींच्या प्रकाशनांचा हवाला दिलाय, तो मला उपरोध वाटतो. पण दोन्ही बाजूंना ते आपलं वाटलं असणार. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ला, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसरामार्गे आलेली ती लस भारतात पहिल्यांदा यशस्वी झाली ती तिच्या दंडावर, आणि तिथूनच पुढे देशभर गेली.

गिलरेचे काही विनोद तर भाषेत आणि इतिहासात कायमचे रुतून बसले. फेब्रुवारी १७९७मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. शेरिडनने पार्लमेंटात बँकेला एका म्हाताऱ्या बाईची उपमा दिली. गिलरेने ती बाई काढली: नोटांचा झगा घालून तिजोरीवर बसलेली, आणि पिट तिच्याशी लाडीगोडी करता करता तिच्या खिशातलं सोनं काढतोय. बँकेच्या रस्त्याच्या नावावरून ती थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी झाली. बँकेला हे टोपणनाव आजही चिकटलेलं आहे.

आणि नेपोलियनची उंची. तो काही बुटका नव्हता; त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने सरासरी होता. पण १८०३पासून गिलरेने त्याला पायापेक्षा मोठे बूट, डोक्यापेक्षा मोठी टोपी घातलेला, पाय आपटून थयथयाट करणारा पोरगा करून टाकला. एका चित्रात तर इंग्लंडचा राजा त्याला तळहातावर घेऊन दुर्बिणीतून बघतोय. फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने झोप उडालेल्या इंग्रजांना हे हवंच होतं. बुटका नेपोलियन आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत येऊन पोचला, तो मुख्यतः या दुकानातून.

१८०६च्या सुमारास गिलरेची नजर अधू होऊ लागली. तांब्यावर केसाएवढ्या रेषा ओढणाऱ्याला चष्म्याने काय होणार? पिणं वाढलं, मन बिघडत गेलं. १८०९नंतर नवं असं काम जवळजवळ थांबलं. १८११मध्ये त्याने दुकानाच्या माळ्याच्या खिडकीतून उडी टाकायचा प्रयत्न केला. मधूनच शुद्ध येई, पण हम्फ्रीबाईंच्याच घरात, १ जून १८१५ला तो गेला. वॉटर्लूची लढाई त्यानंतर सतरा दिवसांनी झाली. ज्या नेपोलियनवर त्याने इतकी वर्षं तांबं झिजवलं, त्याचा शेवट बघणं त्याच्या वाट्याला आलं नाही.

पुढच्या पिढीला तो अश्लील वाटू लागला आणि बाजूला पडला. त्याचे पत्रे मोडीच्या भावात जायचे, ते हेन्री बोन या प्रकाशकाने विकत घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा छापले. जास्त आचरट होते ते वेगळ्या खंडात घातले. विसाव्या शतकात डेव्हिड लोसारख्या व्यंगचित्रकारांनी त्याला पुन्हा मोठेपण दिलं. हेच लो आपल्याकडे आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे या दोघांचेही आदर्श.

दुकानातलं त्याचं अर्धवट राहिलेलं काम जॉर्ज क्रुकशँक या तरुण पोराकडे आलं. काट्याने दात कोरणारा युवराज १८२०मध्ये राजा झाला आणि त्याच वर्षी या क्रुकशँकला १०० पौंड देण्यात आले. राजाला अनैतिक अवस्थेत चितारणार नाही, या बोलीवर. तशी लेखी नोंद आहे. राजघराण्याने वर्षानुवर्षं विकत घेतलेली ही असली हजारो चित्रं विंडसरच्या किल्ल्यात पडून होती. १९२१ साली ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतली. त्यांतली बरीच आता त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, मोठी करून, पुडिंगमधल्या मनुकांपर्यंत.